पाऊस गेला त्या वाटेने: नाणेघाट ते बोरी, हिवाळ्यातली पायपीट

सह्याद्रीत भटकायचं म्हटलं की बहुतेकांचे पाय पावसाळ्यात घराबाहेर पडतात. धबधबे, ढगात बुडालेले कडे, हिरवे डोंगर, हे सगळं खरंच आहे. पण घाटमाथ्यापासून देशावर उतरत जाणारा मुलूख समजून घ्यायचा असेल, तर मार्गशीर्ष-पौषासारखा काळ नाही. पाऊस चालू असताना जिकडेतिकडे पाणी असतं आणि सगळं सारखंच हिरवं दिसतं. तो थांबून दोन-अडीच महिने झाले, की कुठलं पाणी मुरलं, कुठलं वाहून गेलं, कुठलं अडलं आणि कुठलं कोणाच्या शेतात पोचलं, ते उघड दिसायला लागतं. हा माग काढायला मला ठाऊक असलेली सगळ्यात चांगली वाट पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात आहे. नाणेघाटात सुरुवात करायची, कुकडीचं खोरं धरून पूर्वेला जुन्नरला यायचं आणि सवड असेल तर तसंच पुढे नारायणगाव, बोरीपर्यंत उतरायचं. रान, भातखाचरं, धरण, ऊस, कांदा, ज्वारी आणि मधली गावं, सगळं या एका ओळीत भेटतं.

नाणेघाटाच्या तोंडाशी उभं राहिलं, की पायाखाली एकदम कोकण उघडतं. खाली ठाणे जिल्ह्यातलं वैशाखरे, पलीकडे मुरबाडकडचा सपाट प्रदेश, आणि आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे-आठशे मीटर उंचीवर. अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा या काळ्या भिंतीवर आदळतो, वर चढतो, चढताना थंड होतो आणि आपलं पाणी बहुतेक इथेच टाकून देतो. घाटमाथ्यावर वर्षाकाठी तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तीस-पस्तीस किलोमीटरच्या रस्त्याने जुन्नर गावात पोचलं की हा आकडा हजाराच्याही खाली येतो, आणि आणखी पूर्वेला शिरूरच्या बाजूला पाचशेच्या आसपास रेंगाळतो. पुढे जे काही दिसणार आहे, मग ते घराचं छप्पर असो की ताटातली भाकरी, त्याचं मूळ या उतारात आहे.

घाटातल्या लेण्याकडे लोक फोटोपुरते डोकावतात. तिथे जरा थांबावं. भिंतीवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेला मोठा लेख आहे. तो सातवाहन राणी नागनिकेचा आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानला जातो. त्यात यज्ञांची नावं आहेत आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापण नाणी यांचे आकडे आहेत. भारतात अंक कोरलेले सापडतात अशा सगळ्यात जुन्या लेखांपैकी हा एक. मागच्या भिंतीत राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता वर नावं उरली आहेत आणि खाली कुठे कुठे पावलांच्या खुणा. बाहेरचा दगडी रांजण जकातीचा, असं सांगितलं जातं. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून माल या घाटाने जुन्नरला आणि तिथून पैठणकडे जायचा. तांडे चालायचे तेही मुख्यतः पाऊस सरल्यावर, वाट कोरडी झाली की. म्हणजे हिवाळ्यात या वाटेने चालणं ही फार जुनी रीत आहे.

घाटघरच्या पठारावरून जीवधन गडाच्या पायथ्याला वळलं, की रान सुरू होतं. हे रान हिवाळ्यात दोन तऱ्हांनी वागतं. कड्याच्या पोटाशी, ओढ्याच्या घळीत माती खोल आहे आणि ओल टिकते. तिथे जांभूळ, आंबा, अंजनी, हिरडा भर थंडीतही हिरवेगार असतात. खाली पाचोळ्यात हात घातला तर बोटांना गारवा लागतो. शंभर पावलांवर, दगड वर आलेल्या उतारावर, सावरीची पानं गळायला लागलेली असतात, ऐन पिवळटलेला असतो आणि कारवीच्या सुकलेल्या काड्या वाऱ्यावर वाजत असतात. पानं म्हणजे पाणी उडून जायच्या वाटा. ज्या झाडाच्या मुळांना उन्हाळाभर पाणी मिळायची खात्री नाही, ते त्या वाटा वेळेवर बंद करून टाकतं. त्यामुळे जानेवारीत समोरच्या डोंगराकडे नुसतं पाहिलं तरी कुठे ओल आहे आणि कुठे खडक, हे रंगावरून सांगता येतं. पावसाळ्यात ही सोय नाही. कारवीचं आणखी एक: ती सात वर्षांनी एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते. तिच्याच काठ्या विणून, वर शेणमातीचा लेप देऊन इथल्या घरांचे कूड उभे राहायचे. आता विटा आल्या आहेत, पण जुन्या गोठ्यांना अजून कारवीचे कूड दिसतात.

इथली वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. एका जागी दाटलेलं गाव थोडं आणि विखुरलेल्या वाड्या जास्त. हिरड्याला या भागात नगदी पिकाचा मान आहे. कोवळी फळं सुकवून बाळहिरडा होतो, तो औषधांसाठी विकला जातो, आणि बऱ्याच घरांचा वर्षाचा वरखर्च त्यावर निघतो. म्हणून बांधावरचा हिरडा कोणी तोडत नाही. काही झाडांच्या मात्र फांद्या पार छाटलेल्या आणि नुसते सोट उभे दिसतात. शहरातून आलेल्याला वाटतं, काय ही झाडांची नासाडी! ती राबासाठीची छाटणी असते. फांद्या, पाचोळा, शेण, गवत यांचे थर भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर पसरायचे, वर माती टाकायची आणि उन्हाळ्यात ते सावकाश जाळायचे. त्या आचेने तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं, जमीन भुसभुशीत होते. पावसाचा मारा असा असतो की जमिनीतली अन्नद्रव्यं दरसाल धुऊन जातात. राब ही त्यावर काढलेली युक्ती. तिला झाडं लागतात आणि धूर होतो, हे खरं आहे. पण आधी ती समजून घ्यावी आणि मग नावं ठेवावीत.

भात कापून झालेला असतो. खाचरांत धसकटं उभी, मध्येच खळं, आणि ज्या खाचरात ओल राहिली आहे तिथे हरभरा, मसूर, वाटाणा टाकलेला. हे पीक एकाही पाटपाण्याशिवाय, जमिनीतल्या ओलीवर आणि रात्रीच्या दवावर येतं. बांध अरुंद असतात. चालताना बांधावरूनच चालावं, पिकात पाय घालू नये. कोणी दिसलं तर आधी आपण होऊन ‘राम राम’ म्हणावं. तेवढ्याने परका माणूस पाहुणा होतो आणि पुढची वाट कोणीतरी दाखवतंच.

थंडीचीही एक गंमत या चालीत कळते. उंचावर थंडी जास्त, असा आपला हिशेब असतो. पण पहाटे घाटमाथ्यावरून निघून खोऱ्यात उतरलात तर खाली जास्त काकडायला होतं. आभाळ निरभ्र असतं, हवा कोरडी, त्यामुळे जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते. जमिनीलगतची हवा गार होते, गार हवा जड, ती उतारावरून ओघळून खोलगट जागी साठते. सूर्य वर येईपर्यंत ती तिथून हलत नाही. नदीकाठाला पांढऱ्या धुक्याचा पट्टा दिसतो तो त्याच हवेचा. शेतकऱ्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. खालच्या रानात कांद्यावर करपा आधी येतो, द्राक्षाला थंडी आधी लागते, हे त्याला ठाऊक असतं आणि कुठलं पीक कुठल्या तुकड्यात घ्यायचं ते तो त्यावरून ठरवतो.

अंजनावळे मागे टाकून पूर गावी आलं की कुकडेश्वराचं देऊळ लागतं. कुकडीचा उगम इथला मानतात. गोदावरी ते भीमा यांच्या दरम्यानच्या बारा नद्यांच्या उगमाशी शिलाहार राजा झंझ याने बारा शिवमंदिरं बांधली आणि हे त्यांतलं एक, अशी परंपरा आहे. कोरीव काम नीट पाहायला हिवाळ्यातलं तिरपं ऊन फार चांगलं. समोरच चावंडचा गड. चढ छोटा पण काही पायऱ्या तुटलेल्या, आणि माथ्यावर कातळात खोदलेली सात टाकी. घाटमाथ्यावर एवढा पाऊस, तरी गडावर टाकी खोदावी लागली, कारण हा काळा बेसॉल्ट एकसंध असला तर पाणी झिरपू देत नाही आणि भेगाळलेला असला तर धरून ठेवत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पडून हा सगळा डोंगर झाला. दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यांतून झरे फुटतात. पायथ्याच्या वाड्यांची पाण्याची जागा पाहिली तर ती बहुधा अशाच एखाद्या पट्ट्यावर असते.

आपटाळ्याच्या पुढे माणिकडोहचा जलाशय पसरतो. पावसाळ्याअखेर काठोकाठ भरलेलं पाणी हिवाळ्यात हळूहळू मागे सरकतं आणि उघड्या पडलेल्या गाळात लोक पीक घेतात. याला गाळपेर म्हणतात. जमीन सरकारी, पीक एका हंगामाचं, आणि माती अशी की खत न घालता पीक जोमात येतं. काठाला धोबी पक्षी शेपटी हलवत फिरतात. ते हिवाळ्यापुरते उत्तरेकडून आलेले असतात.

धरणाखाली चित्र पालटतं. खोऱ्याचा तळ उसाने भरून जातो. इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण या तालुक्याची सगळ्यात अवघड गोष्ट या उसात आहे.

कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे आले, पाण्यामागे ऊस आला. ऊस वर्षभर किंवा त्याहून जास्त शेतात उभा असतो, दाट असतो, आत गारवा असतो आणि पाणी जवळ. बिबट्याला लपायला आणि मादीला पिल्लं घालायला याहून बरी जागा मिळणार नाही. खायला गावची कुत्री, शेळ्या, डुकरं आहेतच. बिबट्या जंगल सोडून शेतात ‘शिरला’, असं बातम्यांत छापून येतं. पण आज उसात राहणाऱ्या पुष्कळ बिबट्यांचा जन्मच उसातला आहे, त्यांनी जंगल पाहिलेलं नाही. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेरे लावून अभ्यास केला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शेतीच्या, माणसांनी गजबजलेल्या भागात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. त्याआधी जुन्नरमध्ये बिबटे पिंजऱ्यात धरून दूर सोडण्याची मोहीम चालली होती. ज्या भागात ते सोडले तिथे माणसांवरचे हल्ले वाढले, हेही त्यांच्याच संशोधनातून पुढे आलं. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर गोंधळतं, परतायला बघतं, आणि त्याची रिकामी झालेली जागा दुसरं कोणीतरी घेतं.

हिवाळा हा तोडणीचा हंगाम. बीडकडून, अहिल्यानगरकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, शेताच्या कडेला कोप्या उभारतात, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून कामाला लागतात. ऊस पडत जातो तशी आतली पिल्लं उघडी पडतात. वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले लोक ती पिल्लं तपासून रात्री त्याच जागी परत ठेवतात. आई येते आणि एकेक उचलून नेते. पिल्लं कायमची हलवली तर बिथरलेली मादी त्याच शिवारात फिरत राहते, म्हणून ही काळजी. दुसरीकडे कोपीत दार नसतं, कोपीबाहेर लहान पोरं खेळत असतात आणि शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असली की शेतकऱ्याला अंधारातच मोटार चालू करायला जावं लागतं. इथे माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत. दिवसा वीज द्या, ही मागणी या मुलखात जिवाच्या भीतीने केली जाते आणि ती पूर्ण व्हायलाच हवी. चालणाऱ्याने एवढं करावं: दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोचावं, उसाच्या कडेला वाकून किंवा बसून राहू नये, एकट्याने न जाता बोलत, आवाज करत चालावं आणि पिल्लू दिसलं तर हात न लावता वनखात्याला कळवावं.

पश्चिमेच्या वाड्यांत याच जनावराला देव मानतात. वाघोबाचे शेंदूर लावलेले दगड रानाच्या कडेला दिसतात आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळली जाते. धरण नव्हतं, ऊस नव्हता, तेव्हापासूनची ही शेजाराची रीत आहे.

जुन्नर गावाबद्दल फार लिहीत नाही. शिवनेरी आहे, शिवरायांचं जन्मस्थान, आणि आजूबाजूच्या डोंगरांत दीडशेहून जास्त लेणी आहेत. त्यांना दान देणाऱ्यांत यवन, म्हणजे ग्रीक, व्यापाऱ्यांचीही नावं आहेत. गडाला आणि लेण्यांना स्वतंत्र दिवस द्यावा.

जुन्नरच्या पूर्वेला विहीरबागायतीचा पट्टा. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची लागण चालू असते. बायका ओळीने उकिडव्या बसून वाफ्यात रोप खोचत पुढे सरकतात. एका एकराला लाखाच्या पुढे रोपं लागतात आणि प्रत्येक हाताने. त्यापलीकडे हरभरा घाट्यांवर आलेला असतो. ऊन तापायच्या आधी हरभऱ्याच्या शेंड्यावरून हलकेच हात फिरवावा आणि बोट जिभेला लावावं. लख्ख आंबट! पानांवर, घाट्यांवर बारीक लव असते आणि तिच्या टोकाशी आम्लाचे थेंब. त्यात मुख्यतः मॅलिक आम्ल असतं, जे सफरचंदात असतं तेच, आणि ऑक्झॅलिक आम्ल. या ऑक्झॅलिक आम्लाने घाटेअळीची वाढ खुंटते, असं प्रयोगांत दिसलं आहे. दवाने हे थेंब पातळ होतात. जुन्या बायका रात्री हरभऱ्यावर स्वच्छ फडकं पसरून पहाटे ते पिळून घेत. ही आंब बाटलीत भरून पोटदुखीवर ठेवलेली असे. दिवसभर हरभरा उपटणाऱ्या माणसाच्या बोटांना चिरा पडतात त्याही या आंबेनेच.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी घरोघर भोगीची भाजी होते. ओला हरभरा, पावटा, वांगी, गाजर, बोरं, वर तिळाचं कूट, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. या वाटेवर त्या आठवड्यात बांधाबांधाने जे हिरवं उभं असतं, ते सगळं त्या एका पातेल्यात येतं.

नारायणगावापुढे जमीन काळी होत जाते. ही बेसॉल्टचीच झीज. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून हिवाळा सरताना शेतात हात जाईल अशा भेगा पडतात. फुगणाऱ्या-आकसणाऱ्या जमिनीवर घराचा पाया टिकत नाही, त्यामुळे जुनी गावठाणं मुरमाड, पांढुरक्या उंचवट्यावर वसलेली आहेत आणि काळी शेतं खाली. गावात शिरताना वेस, मारुती, पार आणि कडेला मातीत अर्धे गाडलेले वीरगळ. वीरगळ खालून वर वाचायचा: तळाशी लढाई, वर स्वर्गाला निघालेला वीर, माथ्याला शिवलिंगाची पूजा. खोडदच्या बाजूला प्रचंड तबकड्या दिसतात, त्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० अँटेना या खोऱ्यात आहेत. भोवतीचे डोंगर मुंबई-पुण्याचा रेडिओ गोंगाट अडवतात, हे जागा निवडण्याचं एक कारण.

आणखी पूर्वेला, जिथे पाट पोचत नाही तिथे, रब्बी ज्वारी. ती पेरतात पाऊस सरताना आणि पुढे चार महिने ती काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर वाढते. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेलं मालदांडी वाण कितीतरी वर्षं टिकलं ते याच गुणावर. भाकरी गोड आणि कडबाही जनावरं आवडीने खातात. कणसं भरायला लागली की भोरड्या येतात. मध्य आशियाकडून आलेले हे गुलाबी-काळे पक्षी शेकड्यांनी एकदम शेतावर उतरतात. मग माळा आणि गोफण, दिवसभर राखण. हेच पक्षी उभ्या पिकांवरचे टोळ आणि अळ्याही खातात आणि पांगारा, सावर फुलली की त्यांच्या मधावर तुटून पडतात.

बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठच्या दरडीत एक फिकट राखाडी थर आहे. ती ज्वालामुखीची राख, आणि ज्वालामुखी सुमात्रा बेटावरचा, टोबा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी इथे उत्खनन केलं तेव्हा त्या थराच्या संगतीत आदिमानवाची दगडी हत्यारं मिळाली. टोबाचा सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीचा महास्फोट ही राख टाकून गेला की त्याच्याही कितीतरी आधीचा, यावर अभ्यासकांत मोठा वाद झाला आहे. नदीचं पाणी उतरलेलं असतं तेव्हा, म्हणजे हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, दरड नीट दिसते. राख उकरून खिशात घालू नये. दरवर्षी पूर थोडी थोडी नेतो, त्यात आपली भर नको.

कुकडी इथून घोडकडे निघून जाते, पण तिच्या पाण्याचा मोठा वाटा त्याआधीच येडगावहून डाव्या कालव्यात वळवलेला असतो. हिवाळ्यात कालवा सल्लागार समितीची बैठक होते, रब्बीचं आवर्तन कधी सोडायचं आणि किती दिवस चालवायचं ते ठरतं. कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जातो. वरच्या शेतकऱ्याच्या उसाला पाणी आधी मिळतं, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या ज्वारीला, हरभऱ्याला उरलं तर मिळतं, आणि दरसाल त्यावरून मोर्चे निघतात. घाटघरच्या कड्यावर आषाढात पडलेला पाऊस पौषात करमाळ्याच्या चारीत पोचतो तो या भांडणांतून वाट काढत. त्या कालव्याच्या भरावावरून चालायला वाट चांगली आहे. आवर्तन चालू असेल तर दारं सांभाळणाऱ्या पाटकऱ्याशी जरूर बोलावं. कोणाच्या वाट्याला किती पाणी येतं, ते त्याला पाठ असतं.